खाजकुहिलीची पुडी

वैजनाथ नरवडेचा डावा पाय बेंचाखाली हलायला लागला, की जहांगीर मान वर न करताच ओळखायचा, मुली आल्या.

मुली यायच्या त्या सरांच्या मागोमाग. कॉलेजचा रिवाजच तसा होता. सर स्टाफरूममधून निघाले की लेडीज रूमचं दार उघडायचं, सात जणी वह्या छातीशी धरून एका ओळीत यायच्या, पुढच्या दोन बाकांवर बसायच्या, आणि तास संपला की तशाच सरांच्या मागं परत. मध्ये कुणी गाठ घालावी म्हटलं तर सरांना ओलांडूनच जावं लागलं असतं. पन्नास मुलांना सात वेण्या तेवढ्या पाठ झाल्या होत्या. त्यातली तिसरी वेणी शैला धारूरकरची.

"पाँव नक्को हिला रे," जहांगीर पुटपुटायचा. "बेंच चलने लगी. इथून शहागंजला पोचू आपण."

जहांगीर औरंगाबादेतल्या शहागंजच्या घड्याळवाल्याचा मुलगा. त्याच्या घरी दखनी, दुकानात मराठी, आणि चेष्टेला दोन्ही. वैजनाथ पाचोडचा, पोलीस ॲक्शनच्या साली जन्मलेला, घरातून कॉलेजात आलेला पहिलाच. आता सदुसष्ट साल लागलं होतं. जूनपासून जानेवारीपर्यंत त्यानं शैलाशी एक शब्द बोलायचा म्हणून काय काय योजना केल्या असतील! तिच्या हातून पेन पडलं तर उचलून द्यायचं ठरवलं होतं. आठ महिन्यांत तिच्या हातून काही म्हणता काही पडलं नाही.

आणि ती होतीच तशी नेटकी. प्रॅक्टिकलला पेशींचं चित्र काढायच्या आधी पेन्सिलीला ब्लेडनं टोक करायची, आणि ती सगळी साल कंपासपेटीच्या झाकणात झेलायची, फरशीवर एक कपटा पडू द्यायची नाही. मग चित्र काढताना मात्र वेणीचा शेंडा दातात. बाकीच्यांना ती शिष्ट वाटायची. वैजनाथला त्या झाकणातल्या सालीवरून नजर काढवायची नाही. रात्री बोर्डिंगात अंथरुणावर पडलं तरी तेच. या कुशीवर, त्या कुशीवर. जीव एका जागी म्हणून बसत नव्हता.

"अरे, तर जाऊन बोल ना," जहांगीर म्हणायचा.

"काय बोलू?"

"काहीपण. पण एक ध्यानात ठेव, 'व्हय' बोललास की गेलास. ती वकिलाची पोरगी आहे. घरात छापल्यासारखं बोलत असणार. पहिलं वाक्य एकदम शुद्ध पाहिजे."

हे वैजनाथच्या मनात खोल जाऊन बसलं. आधीच पहिल्या आठवड्यात सरांनी "समजलं का?" विचारल्यावर तो "व्हय, समाजलं" म्हणाला होता आणि सगळा वर्ग हसला होता. सात वेण्याही हलल्या होत्या. त्या दिवसापासून तो वर्गात मुक्यासारखा बसायचा.

पुढच्या वर्षी शैला मेडिकलला जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. इथलं मेडिकल घरच्यांना नको होतं; तिची वाट नागपूरची नाहीतर हैदराबादची. म्हणजे उरले होते दोन महिने. मार्चनंतर ती तिसरी वेणी पुन्हा दिसायची नव्हती, आणि आपण तिच्याशी एकदाही बोललो नाही ही गोष्ट मात्र जन्मभर राहणार होती.

अशात हर्बेरियम द्यायचे दिवस आले. वाळवलेल्या झाडांचं हे बाड प्रत्येकानं करायचं, कागदावर फांदी चिकटवायची, खाली माहितीची चिठ्ठी. नेहमीच्या झाडांवर कुणी थांबू नये म्हणून सरांनी एकेक अवघड वनस्पती चिठ्ठ्या टाकून वाटून दिली होती. शैलाच्या चिठ्ठीत लॅटिन नाव निघालं, म्युक्युना.

"कुठं शोधू ही बया?" प्रॅक्टिकलच्या हॉलमध्ये ती मैत्रिणीला, अंबिकाला, म्हणत होती. "रानातला वेल आहे म्हणे, शेंगा येतात. आमचे दादा मला हिमायत बागेच्या पुढं पाऊल टाकू देत नाहीत. माळी म्हणतो, असलं काही बागेत नसतं. सोमवारी द्यायचंय!"

पलीकडच्या टेबलाशी वैजनाथ पुस्तकात तोंड घालून उभा होता. त्यानं पान उलटलं, म्युक्युनाचं चित्र शोधून काढलं, आणि बघतो तर काय! ही तर खाजकुहिली! पाचोडच्या ओढ्याकाठी कुपाटीवर माजलेली. लहानपणी पोरं एकमेकांच्या सदऱ्यात टाकायची ती.

शनिवारी दुपारी तो एसटीत होता.

द्वारकाबाईंनी लेकाला अवेळी दारात बघितलं आणि हातातलं सूप खाली ठेवलं. "काय रं? बरं हाय न्हवं?"

"बरं हाय गं. कुहिली पाह्यजे. शेंगांसगट."

"कुहिली?" आईनं त्याच्या कपाळाला हात लावून बघितला. "शिकाया गेलास का खुळ्याच्या बाजाराला?"

"कॉलेजात द्यायचीय. कागदाला चिटकवत्यात."

"तुला?"

वैजनाथचा पाय उंबऱ्यावर हलत होता. आईनं त्या पायाकडं बघितलं, मग तोंडाकडं बघितलं, आणि पुढं एक अक्षर विचारलं नाही. सांडशी घेतली, डोक्यावरचा पदर हाताला गुंडाळला आणि स्वतःच ओढ्याला गेली. "तू नको. तुझा हात आता पुस्तकाचा झालाय." पिकल्या शेंगांचा घोस, पानं, सगळं तिनं सांडशीनं धरून अलगद तोडलं. वडिलांची जुनी उर्दू वर्तमानपत्रं माळ्यावर होती. त्यांच्या चार घड्यांत ते ठेवलं, वर दोरा गुंडाळला.

"ऐक," ती म्हणाली. "ज्येला देशील त्येला आधी सांग. शेंगेची कुसं दिसायला मखमल, पण हाताला लागली की आग. इसरू नको बरं."

"नाय इसरत."

"बोलायच्या नादात इसरशील."

"नाय म्हनलं ना आई!"

आणि खरंच, परतीच्या वाटेवर तो विसरला नाही. कंडक्टरनं "पुडीत काय?" म्हणून हात पुढं केला तर वैजनाथ ओरडला, "हात नका लावू मामा, खाजकुहिली हाय!" मागच्या म्हातारीला सांगितलं, पुढच्या बाईच्या कडेवरचं लेकरू पुडीकडं झेपावलं तर त्याच्या आईला सांगितलं, आडूलला चढलेल्या चौघांना सांगितलं. अख्खी गाडी त्याच्यापासून चार हात सरकून बसली. साऱ्या बाकावर एकटा वैजनाथ आणि मांडीवर पुडी. औरंगाबाद येईपर्यंत तो ओठांतल्या ओठांत एकच वाक्य घोकत होता.

ते वाक्य दोघांनी मिळून बनवलं होतं. वैजनाथनं आधी लिहिलं होतं, 'नमस्कार. आपणांस हवी असलेली वनस्पती मी पाचोडहून आणली आहे. कृपया स्वीकार करावा.'

"कृपया काट," जहांगीर म्हणाला होता. "अर्जी नक्को देऊ. कलेक्टर आहे का ती?"

सोमवारी प्रॅक्टिकलला सर अजून यायचे होते. मुली त्या दिवशी लवकर आल्या होत्या, चिकटवायचं काम होतं ना! खिडकीजवळच्या टेबलावर डिंकाची वाटी, कात्र्या, पांढरे कागद. वैजनाथ उठला. लेकरू भिंत सोडून पहिलं पाऊल टाकतं, तेव्हा त्याला घरातलं दुसरं काही दिसत नाही, फक्त समोरचे हात दिसतात. तसंच झालं. हॉल दिसेना, पोरं दिसेनात. डोक्यात एक वाक्य, त्यात नऊ शब्द, एकही सांडता कामा नये.

"नमस्कार," तो म्हणाला. "आपल्याला हवी असलेली वनस्पती मी पाचोडहून आणली आहे."

शैला दचकली. त्यानं पुढं केलेल्या पुडीकडं बघितलं; घडीतून वेल डोकावत होता. "म्युक्युना?" ती उठूनच उभी राहिली. "खरंच? अहो, थँक्यू!"

वैजनाथ वळला आणि आपल्या टेबलाशी आला. एक शब्द सांडला नव्हता. 'हवी' म्हणालो होतो, 'पाह्यजे' नव्हतो म्हणालो. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्याचा पाय थांबला होता.

"बोललास?" जहांगीरनं विचारलं.

"बोललो."

"शुद्ध?"

"एकदम."

तेवढ्यात खिडकीकडून शैलाचा आवाज आला, "अय्या अंबिका, बघ ना, शेंगेला हात लावून बघ! मखमलच गं!"

वैजनाथनं झटकन मान वळवली. आईची सांडशी डोळ्यांपुढं आली. कंडक्टर आला, म्हातारी आली, कडेवरचं लेकरू आलं. साऱ्या एसटीला सांगितलं, आणि एक तिलाच सांगायचं राहिलं!

"आई गं!" शैला किंचाळली. तिनं एका हातानं दुसरा हात खाजवला, मग दुसऱ्यानं पहिला, मग मनगट. हात पदराला पुसायला निघाली.

"चोळू नका!" वैजनाथ तिथून जो ओरडला, तो पार कॉरिडॉरपर्यंत ऐकू गेला. "पदराला नका पुसू! पानी नका लावू! चोळलं की लई पसरतंय! हात असे, असे लांब धरा, तोंडाला नका लावू, मी आलोच!"

आणि तो पळत सुटला. दारात सर आत येत होते, त्यांच्या बगलेतून निसटला. फाटकासमोर फकिराची चहाची टपरी, टपरीमागं फकिराची गाय. दैव म्हणायचं, गायीनं नुकताच पो टाकलेला. टपरीवरचं वर्तमानपत्र घेतलं, त्यावर शेण उचललं. फकिरा बघतच राहिला. "अरे बाबू, कॉलेज में अब ये भी लगता?"

हॉलमध्ये शैला दोन्ही हात वाऱ्यावर धरून उभी, डोळ्यांतून घळाघळा पाणी. भोवती मुली. सर विचारताहेत, काय झालं, काय झालं. आणि वैजनाथ नरवडे, इस्त्रीचा सदरा, हातात ओलं शेण, समोर येऊन उभा.

"शी!" अंबिका मागं सरली. "शेण?"

"ह्याच्याच संगं कुसं निघत्यात," वैजनाथ धापा टाकत म्हणाला. "जाड थापायचं, वाळलं की ओढून काढायचं. माझी आय असंच करती. लावा."

मागून कुणीतरी फिदीफिदी हसलं. जहांगीरनं कपाळाला हात लावला. "या अल्ला. इससे तो 'व्हय' ही बोल देता."

शैलानं शेणाकडं बघितलं. मग वैजनाथकडं. खाज सुटल्यागत तोच जागच्या जागी नाचत होता. ती एवढी नेटकी मुलगी, पेन्सिलीची साल जमिनीवर पडू न देणारी. तिनं ओठ दाबले, डोळे मिटले आणि दोन्ही हात मनगटापर्यंत शेणात घातले.



"आता?" तिनं डोळे मिटूनच विचारलं.

"आता वाळू द्या. आग कमी होईल. हुतीय का?"

"थोडी."

"व्हईल. माझं चुकलं बघा. आयनं सांगितलं हुतं, आधी सांग म्हणून. म्या अख्ख्या एसटीला सांगितलं."

मिटल्या डोळ्यांच्या कडांना काहीतरी हललं. रडत होती की हसत होती, ते वैजनाथला त्या वेळी उमगलं नाही. सरांनी त्याला बाहेर काढलं, आणि शैलाला लेडीज रूमकडं पाठवलं.

मंगळवारी ती आली नाही. बुधवारीही नाही. वैजनाथ बोर्डिंगात जेवलाही नाही धड. संपलं, त्यानं मनाशी धरलं. आठ महिने बोललो नाही तेच बरं होतं. शनिवारी पाचोडला जाऊ नये असंही ठरवलं, कारण आई पहिला प्रश्न तोच विचारणार. जहांगीरनं दोनदा चहा पाजला, एकदाही चेष्टा केली नाही. तेवढ्यावरून प्रकरण किती गंभीर आहे ते कळत होतं.

गुरुवारी मुली सरांच्या मागोमाग आल्या. तिसरी वेणी होती. तास संपला, सर निघाले, सहा जणी त्यांच्या मागं गेल्या. सातवी थांबली.

शैला मागच्या बाकापर्यंत चालत आली. मनगटावर अजून लालसर पुरळ होतं. हातात हर्बेरियमचा तो कागद होता, वेल चिकटवलेला, शेंगांवर पातळ कागद लावून दोऱ्यानं बंद केलेला.

"नरवडे, चिठ्ठी भरायची राहिलीय. सरांनी उद्यापर्यंत मुदत दिलीय." तिनं पेनाचं टोपण काढलं. "हिचं गावाकडचं नाव काय?"

"खाजकुहिली," वैजनाथ उभा राहून म्हणाला.

"ते आता मला चांगलंच कळलंय. ठिकाण?"

"पाचोड. ओढ्याच्या कडंला."

"वनस्पती कुणी जमवली? इथं माझं नाव घालायचं असतं, पण मी कुठं तोडलीय? खोटं कसं लिहू? तुमचं घालते."

"माझंबी नका घालू. आयनं तोडली. सांडशीनं."

शैलाचं पेन थांबलं. "आईंचं नाव?"

"द्वारकाबाई नरवडे."

तिनं वळणदार अक्षरात लिहिलं. वैजनाथनं आपल्या आईचं नाव आजवर कागदावर असं कधी बघितलं नव्हतं, तेही लॅटिन नावाच्या खाली. त्यानं ते दोनदा वाचलं.

"एक विचारू?" शैला म्हणाली. "पुडी देताना तुम्ही काहीतरी लांबलचक बोलला होतात. मी इतकी घाबरले होते की एक शब्द ऐकला नाही. काय होतं ते?"

शेजारी जहांगीरला जोराचा खोकला आला.

"काय नाय," वैजनाथ म्हणाला. "तसंच आपलं."

"शनिवारी जाता का गावाला?"

"जातो की."

"मग आईंना सांगा, हात बरा आहे. दादा सुद्धा म्हणाले, शेणाची अक्कल डॉक्टरला नसती सुचली." ती कागद सांभाळून वळली, दोन पावलं गेली आणि थांबली. "पाचोडला आता काय मिळतं?"

"बोरं. लई गोड."

"काटे असतात त्यांना."

"काटं बोरीला असत्यात. बोराला नसत्यात."

"आणा मग," शैला म्हणाली. "पण या वेळी आधी सांगायचं. जे असेल ते."

"व्हय," वैजनाथ म्हणाला.

वर्ग हसला. त्यात ती पण हसली, पाठ फिरवायच्या आधी, त्याच्याकडं बघून.

बेंच पुन्हा हलायला लागला होता. जहांगीरनं सवयीनं वैजनाथच्या गुडघ्यावर हात ठेवला, मग काय वाटलं कुणास ठाऊक, हात काढून घेतला. "हिला," तो म्हणाला. "हिला मियाँ. चल, जाऊ दे शहागंजला."