पुसलेलं गंध

भीमराव सरवदे सरकारी कचेरीतून निवृत्त झाले आणि बिबवेवाडीच्या विहारात बौद्धाचार्य म्हणून काम बघू लागले. लग्न असो, नामकरण असो, की कुणी गेल्यानंतरचा पुण्यानुमोदनाचा विधी, लोक त्यांनाच बोलवायचे. त्यांची पाली खणखणीत होती. एक अनुस्वार इकडचा तिकडे झालेला त्यांना खपत नसे, आणि चुकणाऱ्याला ते तिथल्या तिथे, चारचौघांत सुनावायचे.

त्या रविवारी दुपारी ते मार्केट यार्डामागच्या वस्तीत गेले. संजय नावाचा हमाल आठवड्यापूर्वी यार्डात टेम्पोखाली सापडून गेला होता. दोन खोल्यांचं घर पांढऱ्या साड्यांनी आणि सदऱ्यांनी भरलं होतं. दारातच एक चौकड्याच्या शर्टातला माणूस उभा होता. कपाळावर ठसठशीत अष्टगंध.

"आपण कोण?" भीमरावांनी विचारलं.

"मी साईनाथ. आमचं यार्डात..."

"बरं, बरं. इथे वंदना आहे. गंध लावून आत बसता येणार नाही. बाहेर थांबा."

तो मागे सरला. चपलांच्या ढिगाशेजारी गल्लीत उकिडवा बसला.

वंदना सुरू झाली. संजयची बायको आम्रपाली पुढे बसली होती. रडून रडून तिचा घसा बसला होता. तरी ती भीमरावांच्या मागून एकेक शब्द म्हणत होती.

"सरनं..."

भीमराव थांबले. "सरणं. बाणातला ण."

"सरनं."

"परत म्हणा."

सगळं घर थांबलं. तिसऱ्यांदाही तिची जीभ वळली नाही. मागे कुणीतरी पोरगी खुदकन हसली. पंचशीलाच्या पहिल्याच ओळीत 'पाणातिपाता'चं 'पानातिपाता' झालं, तेव्हा भीमरावांनी पुस्तिका मिटून मांडीवर ठेवली.

"घरात रोज म्हणत असता तर आज ही वेळ आली नसती. निदान नवऱ्यासाठी तरी नीट म्हणा."

आम्रपालीनं मान खाली घातली. त्यानंतर तिचे ओठ हललेच नाहीत. बाकीचा विधी भीमरावांनी एकट्यानं, अगदी निर्दोष म्हटला.

मग आदरांजलीची वेळ आली. संजयच्या हमालांच्या टोळीतला पोपट उभा राहिला. त्याला बोलायची सवय नव्हती. हात कुठं ठेवावेत तेच त्याला कळेना.

"संज्या चांगला होता, ते सगळ्यांना म्हाईत हाय," तो म्हणाला. "मला वहिनीचं सांगायचंय. डायवरनं टेम्पो मागं घेताना बघितलं नाही अन् संज्या गेला. आम्ही डायवरला खाली ओढला. पहिला हात मीच टाकला, खोटं कशाला बोलू? त्या दिवशी त्याला जिता सोडला नसता. वहिनी तिकडं कांदा निवडत होती. पळत आली. संज्या तिथंच पडलेला. आधी त्याच्याकडं जायचं, तर ही आमच्यात घुसली. डायवरच्या अंगावर आडवी झाली. म्हणाली, ह्याला मारून माझा माणूस उठणार हाय का? ह्याच्या घरी बी कुणी वाट बघत असंल."

पोपटनं तोंडावरून हात फिरवला.

"आज यायची त्याची हिंमत नव्हती. वहिनीनंच निरोप धाडला, ये म्हणून. आलाय तो. बाहेर बसलाय."

भीमरावांची नजर पुस्तिकेवर गेली. पाणातिपाता वेरमणी म्हणजे कुणाचा जीव न घेणं. हा अर्थ त्यांनी विहारात शेकडो वेळा सांगितला होता, खडूनं फळ्यावर लिहून दिला होता. आणि जी बाई तो अर्थ नवऱ्याच्या प्रेताशेजारी उभी राहून जगली, तिच्याकडून ते एक अक्षर घोटवून घेत होते. कुठं बघावं ते त्यांना कळेना. शेवटची मंगलगाथा त्यांनी म्हणायची होती. सगळे हात जोडून थांबले होते. त्यांनी तोंड उघडलं, पण पुढचा शब्दच येईना.

ते उठून बाहेर गेले. त्यांना बघून साईनाथ दचकून उभा राहिला.

"आत चला," भीमराव म्हणाले.

"नको साहेब, इथं बरं हाय." मग घाईघाईनं त्यानं कपाळाला हात लावला. "गंध पुसलंय मी."

रुमालानं खसाखसा घासून त्याचं कपाळ लाल झालं होतं. भीमरावांनी त्याचा हात धरला, आत आणलं आणि आपल्या सतरंजीवर बसवलं. मग भरल्या घरासमोर ते आम्रपालीपुढे गुडघ्यांवर बसले.

"ताई, माझं चुकलं. मला माफ करा."

आम्रपालीनं त्यांच्याकडं नीट बघितलं. तिच्या नजरेत राग नव्हता, पण ती विरघळलीही नाही.

"चुकलं तर सांगावंच, साहेब," ती बसक्या आवाजात म्हणाली. "पण आज नको व्हतं."

भीमराव साईनाथशेजारी जाऊन बसले. मंगलगाथा संजयच्या आईनं, सुंदराबाईनं सुरू केली. तिचे उच्चार सगळे वाकडेतिकडे होते. भीमराव तिच्या मागून म्हणत गेले.

घरी आल्यावर त्यांनी चहा बाजूला सारला आणि बायकोला, विजयमालाबाईंना सगळं सांगितलं. काही राखून ठेवलं नाही. पोरीच्या हसण्यापासून साईनाथच्या कपाळापर्यंत सगळं. बाई भाजी निवडता निवडता ऐकत होत्या.

"मी इतका कोरडा कधी झालो गं?" ते म्हणाले.

विजयमालाबाईंनी हातातली जुडी परातीत ठेवली.

"मी विहारात यायचं का सोडलं, ते कधी विचारलंत का मला?"

"गुडघे दुखतात म्हणून ना?"

"गुडघे गेल्या वर्षीपासून दुखताहेत, अहो. विहार सोडून नऊ वर्षं झाली. नागपूरचे पाहुणे आले होते, त्यांच्यासमोर वंदना म्हणताना मला थांबवलंत. चार वेळा."

भीमरावांना तो दिवस आठवेना. आठवत नाही, याचीच त्यांना जास्त लाज वाटली. त्यांनी परात जवळ ओढली आणि ते खाली मान घालून मेथीची पानं खुडायला लागले. विजयमालाबाईंनी अडवलं नाही.