शेगडीच्या पोटात कुंभारणीचं घर

मी ग्रिलची शेगडी बोलतेय. नुसती शेगडी म्हणाल तर राग येईल हं! मला झाकण आहे, चाकं आहेत, दोन बर्नर आहेत. मासा ठेवा, कोंबडी ठेवा, मक्याचं कणीस ठेवा, खरपूस भाजून देते.

माझा जन्म पुण्यातल्या कारखान्यातला. पहिल्या मालकांनी मला हौसेनं बंगल्याच्या गच्चीवर नेलं, दोन पार्ट्या केल्या आणि अंगावर प्लॅस्टिक टाकून विसरले. माणसांची हौस म्हणजे नव्याचे नऊ दिवस! तिथून मला भंडारदऱ्याच्या राजेश्वरीनं आणलं. धरणाकाठी तिनं पाहुण्यांसाठी तंबू लावलेत.

टेम्पोतून उतरले तेव्हा तिची सासू कलाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "आपली चूल मेली व्हय? ह्या लोखंडावरचं कोन खानार?"

"आत्याबाई, धूर न्हाई की डोळं चुरचुरायचं न्हाई. बघा तर खरं!" राजेश्वरी हसली.

पहिला हंगाम मी गाजवला. पुढं उन्हाळ्यात मात्र शेडमध्ये पडून राहिले. तेव्हा एक कुंभारीण माशी चिखलाचा गोळा तोंडात धरून आली आणि माझ्या उजव्या बर्नरच्या नळीत घर लिंपू लागली. कलाबाईंना ती शेडमध्ये शिरताना दिसली. त्यांनी सगळ्यांना बजावलं, "कुंभारीन घर करतीया. शेडात झाडू मारू नका, पाप लागंल." झालं! सगळ्यांना वाटलं घर छपराला असेल. मला कुणी पुसलंसुद्धा नाही.

काजव्यांचा हंगाम आला. तंबू भरले, राजेश्वरीनं पाहुण्यांना भाजलेल्या माशाचा शब्द दिला आणि संध्याकाळी मला पेटवलं. डावा बर्नर झकास पेटला. उजवा मात्र पिवळा पडून फुरफुरला आणि विझला.

"सिलिंडर संपला आसंल," तिचा नवरा गोरक्षनाथ म्हणाला. उचलून पाहिला तर भरलेला. त्यानं रेग्युलेटर बदलला. गॅसची नळी कुठं मुडपली का पाहिलं. जोडांवर साबणाचं पाणी लावलं, तर एक बुडबुडा येईना. मी मनात ओरडत होते, अरे बाबांनो, माझ्या पोटात बघा! पण लोखंडाला जीभ कुठली?

"उद्या भंगारवाल्याला देऊन टाकू," गोरक्षनाथ वैतागला.

"मी आदीच सांगितलं हुतं," कलाबाई म्हणाल्या.

राजेश्वरीचा चेहरा उतरला. तंबूंचा सगळा घाट तिनं हट्टानं घातला होता. आज फजिती झाली असती, तर त्या घरात तिचं पुन्हा कुणी ऐकलं नसतं. माझा जीव तुटत होता तिच्यासाठी.

तिनं पदर खोचला. "डावा नीट जळतोय म्हंजी गॅस येतोय. अडलंय ते उजव्यातच." तिनं गॅस बंद केला, मी गार होईपर्यंत वाट पाहिली आणि बर्नर उपसून काढला. नळी आपटताच चिखलाचा खपला पडला.

"थांब!" कलाबाई धावत आल्या. "कुंभारनीचं घर हाय ते!"

राजेश्वरीचा हात जागीच थांबला. पाहुणे ताटकळत होते, तरी तिनं नळी सासूच्या हातात दिली. कलाबाईंनी मोबाईलच्या उजेडात नळीत डोळा लावला. बराच वेळ पाहिलं. मग त्यांचा आवाज मऊ झाला. "भोक पडलंय गं. लेकरं उडून गेली. रिकामं घर हाय, काढ बिनघोर."

मग काय विचारता! तारेनं चिखल खरवडला, ब्रशनं नळी घासली, बर्नर जागेवर बसला. राजेश्वरीनं गॅस हळूच सोडला आणि काडी लावली. भप्प! या टोकापासून त्या टोकापर्यंत निळा जाळ! पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. अहो, मीही वाजवल्या असत्या!

तेव्हापासून माझा रुबाब विचारू नका. तुमच्याकडे माझी एखादी बहीण असेल, तर जाळ रुसला म्हणून लगेच तिला भंगारात काढू नका. गॅस बंद करा आणि आधी तिच्या नळीत डोकावा. एवढं माझं ऐका.

बरं, आता निरोप द्या. पाहुणे जमलेत आणि कलाबाई चिमटा घेऊन मासे उलटतायत, कुणाला हात लावू देत नाहीत. आत्ताच गोरक्षनाथ माझं बटण फिरवायला आला, तर त्यांनी त्याला सगळ्यांसमोर झापलं, "व्हय बाजूला! आदी राजेश्वरीला इचार. हितं तिचं चालतं."