काळजीवाहक पाहिजे

नोकरी मिळाली तर जागेश्वरच्या पदरात काय काय पडणार, याची वाटणी त्याच्या आईनं, मैनाबाईनं, अर्ज पोस्टात पडायच्या आधीच करून टाकली होती. महिन्याचे एकशेदहा रुपये. दोन वेळचं जेवण तिकडेच, म्हणजे घरच्या पिठात तेवढी बचत. आवारातच टिनाची खोली, म्हणजे लग्न झाल्यावर सून डोळ्यांसमोरून जरा लांब. यात फायदा सुनेपेक्षा मैनाबाईचाच जास्त होता. आणि सगळ्यात वजनदार बाब म्हणजे उमरेडची कौसल्या. तिच्या बापानं तोंडावर सांगितलं होतं, "मोठी पोरगी मागवाल्याले देल्ली अन् फसलो. आता पगारवाला पाहिजे. थो काळा असो, बुटका असो, पन पयल्या तारखेले पगार आनला पाहिजे."

बदल्यात जाणार काय? काही नाही, असं मायलेकांचं एकमत झालं. घरचे दोन्ही माग वर्षभर बंद होते. एकावर कोंबड्या बसत, दुसऱ्यावर धुणं वाळे.

जागा होती रामदासपेठेच्या मागच्या बाजूला, एका अंधगृहात. गावातल्या शेटलोकांच्या मंडळानं ते काढलं होतं. वीसेक आंधळे पुरुष तिथं राहात, सतरंज्या विणत, आणि मंडळाचे शेट त्या सतरंज्या आपापल्या घरच्या लग्नात अंथरून पुण्य आणि बैठक दोन्ही एकदम साधत.

मुलाखत व्यवस्थापक दत्तोपंतांनी घेतली. गोरापान, नीटस, चष्मेवाला माणूस. बोलताना टेबलावरची वेताची छडी बोटांनी गोल फिरवायची सवय. त्यांनी अर्ज न वाचताच बाजूला सारला.

"व्यायामशाळेत जात होता का?"

"तीन साल, साहेब."

"ऊठ. इकडे ये." दत्तोपंतांनी त्याचा दंड दाबून पाहिला, पाठीवर थाप मारली. आता दातही मोजतील की काय, असं जागेश्वरला वाटलं. "आंधळ्यांची दया येते का रे तुला?"

कोणतं उत्तर पगाराच्या जवळचं, याचा जागेश्वरनं क्षणभर अंदाज घेतला. "येते, साहेब."

"मग कठीण आहे."

"जास्त नाही येत," जागेश्वर घाईनं म्हणाला. "कामापुरती येते."

दत्तोपंत हसले. "हुशार आहेस. ऐक. दुपारी जेवण झालं की हे लोक मागावर बसल्या बसल्या डुलक्या काढतात, सूत पळवतात. चपला इथं काढ. अनवाणी, आवाज न करता विणशाळेत जा. कुणी काही विचारलं तरी ब्र काढायचा नाही. कोण काय करतो ते पाहायचं आणि मला येऊन सांगायचं. जमलं, तर आजपासून तू कामावर."

एक गोष्ट दत्तोपंतांनी सांगितली नाही. अंधगृहाचा एक रिवाज होता. विणशाळेत पाऊल टाकणारा दारातच आपलं नाव सांगे. स्वयंपाकीण सांगे, पाणीवाला सांगे, मंडळाचे अध्यक्ष आले तरी खाकरून सांगत. नाव न सांगता आत येणारा माणूस एकच होता. तो अनवाणी येई, आणि तो आल्याची खबर पाठीवर छडी बसल्यावरच लागे. हा माणूस गेले दोन दिवस विणशाळेकडे फिरकला नव्हता. त्याला कसलातरी वास आला होता.

वैशाखातली दुपार. विणशाळेच्या खिडक्या गच्च बंद होत्या. आत बसणाऱ्यांना उजेडाचं काही काम नव्हतं आणि ऊन मात्र नको होतं. त्यामुळे दारातून आत शिरलेला जागेश्वर त्या घडीला तिथला एकटा खरा आंधळा. माग खटखट चालू होते. उघड्या दारातून उन्हाची एक पट्टी जमिनीवर पडली होती, तिच्यात घोट्याच्या वर एक आडवं सूत चमकलं.

दुसरा कुणी असता तर त्यात अडखळला असता, नाहीतर ओलांडून गेला असता. जागेश्वर कोष्ट्याचा पोरगा. सैल सूत दिसलं की त्याचा हात मनाला न विचारता तिकडे जायचा. बापानं त्यासाठी लहानपणी पुष्कळ कानफटात दिलेल्या होत्या. तो वाकला, सूत चिमटीत धरलं, आणि ताण पाहायला हलकेच ओढलं. वीस नंबरी. पीळ कमी पडला, असंही त्यानं मनात म्हटलं.

सुताचं दुसरं टोक दाराशेजारच्या मागावर बसलेल्या ईश्वरदासच्या पायाच्या अंगठ्याला बांधलेलं होतं.

सगळे माग एकदम थांबले.

"कोन हाय गा?" ईश्वरदासनं विचारलं. आवाज अगदी मऊ.

जागेश्वर गप्प राहिला. नोकरीची पहिली अटच ती होती.

"नाव सांग गा."

जागेश्वरनं श्वाससुद्धा दाबून धरला. अर्धी विणलेली सतरंजी डोक्यावरून आली आणि तो खाली गेला. पहिलाच फटका तोंडावर बसला. सतरंजीचं सूत ठोकून बसवायला पंजा असतो, मुठीत धरायचा, लोखंडी, दात असलेला. त्याच्या मुठीचा तो फटका होता. तोंडात रक्त आणि खडे भरले. खडे म्हणजे आपलेच दात, हे त्याला नंतर कळलं. मग लाकडाचे फटके सुरू झाले. आंधळ्यांचा मार वेडावाकडा बसत असेल, असं कुणाला वाटत असेल तर त्यानं तो खाऊन पाहावा. एकानं पाय धरले, एक मानेवर गुडघा देऊन बसला, बाकीचे हातानं चाचपून जागा ठरवत आणि मग मारत. बरगडीवर, नडगीवर, पुन्हा बरगडीवर. कुणी शिवी देत नव्हतं. ओरडत नव्हतं. फक्त दमलेल्या माणसांचे श्वास, आणि लाकूड मांसावर पडल्याचा ओला आवाज.

"छडीवाला हात कोनता? उजवा ना?" कुणीतरी विचारलं. त्याचा उजवा हात पिरगाळून मागे नेला. खांद्यात काहीतरी कटकन वाजलं, आणि जागेश्वर तोंडातलं सगळं थुंकून गुरासारखा ओरडला, "मी नोहो! मी नोहो गा! मी नोकरीसाठी आलो!"

हात थांबले. सतरंजी बाजूला झाली. ईश्वरदासची बोटं त्याच्या चेहऱ्यावरून फिरली. चष्मा नाही, गाल बसलेले, मिशी कोवळी.

"थो नोहे हा," ईश्वरदास म्हणाला. मग चिडून, "काहून बोलला नाहीस बे? दोनदा पुसलं मी तुले!"

"साहेबानं... चूप राह्यले सांगतलं."

कुणीतरी कोपऱ्यातून हसलं, रडल्यासारखं. "पाहा. आपल्या वाट्याचा मार खायले बी त्यानं मानूस नौकरीवर ठेवला."

"अजून ठेवलेला नाही मी त्याला," दारातून दत्तोपंत म्हणाले.

ते बाहेर व्हरांड्यातच उभे होते, पहिल्या फटक्यापासून. आता त्यांनी पायांत चपला घातल्या होत्या. जागेश्वरच्या चपला हातात होत्या, त्या त्यांनी त्याच्यापुढे टाकल्या.

"पहिला हात कोणी टाकला ते सांग. कागद तयार आहे, सही करतो."

जागेश्वरनं तोंड पुसलं. पहिला फटका कुठून आला हे त्याला ठाऊक होतं. "डोक्यावर सतरंजी होती, साहेब. काही दिसलं नाही."

"असं? मग पोलिसांना बोलावतो. वीसच्या वीस आत जातील. तुझी जागाही उद्या दुसऱ्याला."

"कायले सगळ्यायले गुंतवता?" ईश्वरदास मध्येच म्हणाला. "मी मारलं. तुमाले समजून मारलं. तुमीच असते त आनखीन मारलं असतं."

दत्तोपंतांनी मान डोलावली, जणू सतरंजीचा भाव ठरला. त्यांनी छडी जागेश्वरच्या हातात दिली. "घे. हाच तुझा अर्ज."

ईश्वरदासनं हात पुढे केला आणि हळूच म्हणाला, "तूच मार गा. तू कोष्ट्याचा, सूत कसं धरलं होतं थे आता समजलं मले. बोटं सोडून मार."

जागेश्वरनं डाव्या हातानं छडी धरली. उजवा उचलतच नव्हता. तळव्याच्या मांसल भागावर त्यानं चार छड्या मारल्या. आवाज मोठा झाला, इजा लहान. व्यायामशाळेत उस्ताद दाखवायचे तसं. पाहणाऱ्याला घाम फुटावा आणि खाणाऱ्याला झोप लागावी.

दत्तोपंतांना घाम फुटला नाही. "लाड करतोस?" त्यांनी खाली पडलेला पंजा उचलला. "मनगट धर त्याचं. पालथं. मागाच्या तुळईवर ठेव."

जागेश्वर त्या मनगटाकडे पाहात राहिला. त्याला एकशेदहा रुपये दिसले, टिनाची खोली दिसली, उमरेडचा तो बाप दिसला. मागे सरायला दोन पावलं पुरली असती. दार उघडं होतं.

त्यानं मनगट धरलं.

ईश्वरदासला वाटलं, हा हात वाचवायला धरतो आहे. म्हणून त्यानं ओढून घेतला नाही. पंजा लोखंडाच्या बाजूनं खाली आला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा दत्तोपंतांचा चष्मा घसरला म्हणून तो नेम चुकून लाकडात रुतला. मधलं बोट आणि त्याच्या शेजारचं, दोन्ही फुटून पसरली. हाड बाहेर आलं. ईश्वरदासची किंकाळी ऐकून स्वयंपाकीण धावत आली आणि सवयीनं दारात आपलं नाव सांगू लागली, ते अर्ध्यावरच राहिलं.

जागेश्वरच्या हातातलं मनगट किती तरी वेळ उडत होतं. त्यानं ते सोडलं नाही. सोडायला कुणी सांगितलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी कागदावर सही झाली. जागेश्वरनं डाव्या हाताचा अंगठा लावला.

बोटं बरी झाली ती वाकडी. गाठ मारता येईना, सूत चिमटीत राहीना. जो विणत नाही तो अंधगृहात राहात नाही, हा मंडळाचा नियम. पावसाळा लागता लागता ईश्वरदासला खाप्याला भावाकडे धाडायचं ठरलं, आणि मोटारस्टँडपर्यंत पोचवायचं काम अर्थातच काळजीवाहकाचं.

गाडी लागेपर्यंत दोघं बाकावर बसले.

"दात किती गेले तुहे?" ईश्वरदासनं विचारलं.

"दोन."

"माही बोटं बी दोन. फिटंफाट."

जागेश्वरनं जिभेनं हिरडीतली रिकामी जागा चाचपली.

"मजाक केली गा," ईश्वरदास म्हणाला. "दात नवे बसतात."

"मी मारलं नाही, दादा. मी फकस्त धरलं होतं."

"हो ना. मारनारा त मले पयलेच ठाऊक होता." तो उठला, गाडीच्या आवाजाकडे वळला. जागेश्वरनं आधाराला हात लावला तसा त्यानं दंड आक्रसून घेतला. "धरू नको. तुहं धरनं पाह्यलं मी."

पायरी चाचपत तो एकटा चढला. कंडक्टरनं तिकीट विचारलं. जागेश्वरनं खालून खिडकीतून नोट पुढे केली, पहिल्या पगारातली. आतून कुणी ती घेतली नाही.

कौसल्या तुळशीच्या लग्नानंतर टिनाच्या खोलीत नांदायला आली. मैनाबाईची सगळी बेरीज बरोबर निघाली, एका पैशानं चुकली नाही. दत्तोपंतांना नवी छडीसुद्धा घ्यावी लागली नाही. ती आता काळजीवाहकाकडे असे, आणि तो काळजीवाहक चांगला पायांत चपला घालून, वाजवत विणशाळेत जाई. मंडळाच्या सतरंज्या वेळेवर लग्नांत पडल्या. किमतीपोटी जागेश्वरनं दोन दात भरले आणि थंडीत दुखणारा एक खांदा. बाकीचं सगळं ईश्वरदासनं भरलं, खाप्याच्या तिकिटासकट.