टेबलावरची टोकाची जागा

आमच्या शिवणकारखान्यात दुपारी सगळी मशिनं एकदम बंद व्हायची. कापड बाजूला सारून आम्ही मास्तरांच्या लांबलचक टेबलावर डबे उघडायचो. मास्तर म्हणजे कापड बेतणारे. टेबलाच्या टोकाची जागा त्यांची. तिथं कोणी चुकून टेकलंच तर म्हणायचे, "उठा, नाहीतर तुम्हालाच बेततो." एकमेकांची फिरकी घेता घेता कामाचं बोलणंही तिथंच उरकायचं. कुठला तागा धुतल्यावर आटतो, कुणाचं मशिन टाके सोडतंय, सगळं.

मालक गेले आणि त्यांची मुलगी, आमची ताई, कारभार बघू लागली. पोर हुशार, मनानं चांगली. पण बंद पडलेली मशिनं तिला बघवेनात. तिनं जेवणाच्या पाळ्या लावल्या. आधी बेतणारे, मग शिवणारे, शेवटी आम्ही काजबटणवाल्या. काम वाढलं, खोटं कशाला बोलू?

मग कोटांची मोठी ऑर्डर आली. दोन ताग्यांच्या रंगात किंचित फरक होता. मास्तरांनी तो ओळखला, ढीग वेगळे ठेवले. जेवताना सहज सांगितलं असतं, पण समोर जेवायला होतं कोण? शिवणाऱ्यांनी ढीग एकत्र केले. अंग एका रंगाचं, बाह्या दुसऱ्या रंगाच्या. सगळा माल परत आला.

"तुम्ही सांगितलं का नाही?" ताईनं सगळ्यांदेखत विचारलं.

"कधी सांगू, ताई?" मास्तर एवढंच बोलले.

आमची टीम बांधायला ताईनं एक प्रशिक्षक बोलावला. डोळे मिटून मागे पडायचं, बाकीच्यांनी झेलायचं. या वयात ही थेरं! आम्ही मुकाट्यानं एकमेकींना झेललं. मास्तर आलेच नाहीत. त्यांनी दुसरीकडे काम धरलं होतं.

तेव्हा कुठे ताईला उमगलं. पुन्हा सगळी मशिनं एकदम बंद होऊ लागली. पहिल्या दिवशी आम्ही टेबलाभोवती जमलो खरे, पण एव्हाना मोबाइलमध्ये डोकं घालून जेवायची सवय लागली होती. ताईही डबा घेऊन आली आणि नेमकी टोकाला बसली.

"बोला ना काहीतरी," ती म्हणाली. आवाज रडवेला होता. पूर्वी त्या जागेवरून तिला चौघांनी हसत उठवलं असतं. त्या दिवशी कुणीच तिला काही सांगितलं नाही.