रोवण्यातली हाक

चांदा जिल्ह्यात आमच्या भागाला झाडी म्हणतात. पहिली निवडणूक होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हाची ही गोष्ट.

सुकरीच्या तोंडून शब्द सरळ निघत नसे. पाणी मागायचं तर "पा… पा…" करता करता तिचे डोळे मिटत, मान ताठ होई. तोवर समोरचा लोटा देऊन मोकळा. बाजारात ती जातच नसे. पण धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, लागला, बांधीच्या, म्हणजे खाचराच्या, चिखलात बायांची ओळ वाकली, की तिच्यासारखी गाणारी गावात दुसरी नव्हती. चालीत बसलेला शब्द तिच्या जिभेवर अडत नसे. ती एक ओळ जुळवी, बाया ती उचलून परत म्हणत. रोवण्याच्या गाण्यात कोणाचीही टर उडवायची मुभा. मालकाची, धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, जाणाऱ्या पाहुण्याची, आणि सगळ्यांत जास्त आपापल्या नवऱ्याची.

"गान्यात तं तुही गाडी पक्क्या सडकेनं धावते व," ओळीत तिच्या शेजारी वाकणारी आशाबाई म्हणे. "बोलतानाच कशी चिखलात फसते?"

घरी नवरा कोलू म्हणे, "गाऊनच सांग न. मले काय, फुकटात गानं." मग भाजीत मीठ झालं का, हेही ती चालीवर विचारी, आणि तो बेसूर उत्तर देई. सासू सोमारी चुलीजवळ हसत बसे.

त्या दिवशी दोघं नाल्यापलीकडून रोपांच्या पेंढ्या आणत होते. वर जंगलात पाऊस झाला असावा. अर्ध्या नाल्यात असताना लोंढा आला. सुकरी काठाला लागली. कोलूचा पाय सुटला, आणि वाहता वाहता त्यानं वाकलेल्या जांभळीचं मूळ धरलं. तिनं पदर फेकला, तो पुरला नाही.

"जाय!" तो ओरडला. "बायाइले सांग, दोर आना म्हना! जाय लवकर!"

ती धावली. बांधीच्या धुऱ्यावर उभी राहून तिनं तोंड उघडलं.

"को… को… को…"

आशाबाई वाकल्यावाकल्याच म्हणाली, "काय व, आज कोंबडी झाली का?"

बाया हसल्या. सुकरीनं पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा तेच. मग तिनं तिच्याजवळ होती तीच एक वाट धरली.

"कोलू माहा नाल्यात गेला, दोर आना वो बाई, दोर आना."

एकही शब्द अडला नाही. बायांनी ओळ उचलली, खाली मान घालून, एका सुरात, "कोलू हिचा नाल्यात गेला…" एकीनं पुढं जोडलंही, "जाऊ दे वो बाई, दुसरा करू!"

हशा झाला. सुकरीनं पुन्हा म्हटलं, जीव काढून म्हटलं. बायांनीही तितक्याच जोरात म्हटलं. शेवटी तिनं बांधीत उडी घेतली, नुकतंच रोवलेलं धान तुडवत गेली आणि आशाबाईचे केस धरून तिचं तोंड वर केलं. आशाबाईच्या हातातली पेंढी गळाली.

सगळ्या धावल्या. गड्यांनी गाडीचा दोर आणला. जांभळीचं मूळ तेवढं पाण्यात हलत होतं.

कोलू खालच्या गावाच्या बंधाऱ्याला सापडला. नवरा बुडून राह्यला अन् बायको गानं म्हने, असं बांधीत नसलेल्या लोकांनी चार गावांत पोचवलं. सोमारीनं कोणाचं ऐकलं नाही. सुतक फिटायच्या आधी तिनं सुनेला जवळ बसवलं.

"मले एकच सांग, माय. तू त्याले सोडून आली तवा, त्याले ठाव होतं का, तू काऊन चालली ते? का त्याले वाटलं, बायको पळाली?"

त्यानंच धाडलं. एवढंच सांगायचं होतं.

"त्या… त्या… त्या…"

मेलेल्याच्या घरात गाणार कशी? अन् मनातल्या मनात चाल धरून पाहिली, तर बांधीतल्या बायाच कानात म्हणू लागल्या, "जाऊ दे वो बाई…"

सोमारी थांबली. चूल विझेपर्यंत थांबली. इतका वेळ सुकरीसाठी आजवर कोणीच थांबलं नव्हतं.

"राहू दे, माय," ती शेवटी म्हणाली. "समजलं मले."

आणि भिंतीकडे तोंड करून, बायको टाकून पळाली असं समजतच आपला लेक मेला, असं म्हणत ती रडू लागली.