उरलेला स्क्रू

मी एक जुना सीडी ड्राइव्ह आहे, मित्रांनो. कर्वेनगरमधल्या एका लॅपटॉपच्या उजव्या कुशीत माझं घर आहे. तुमच्या हल्लीच्या लॅपटॉपमध्ये मी नसतोच, त्यामुळे तुम्ही मला कदाचित पाहिलंही नसेल. बटण दाबलं की माझी जीभ बाहेर येते. तिच्यावर चकती ठेवायची आणि जीभ आत ढकलायची. मग मी ती गरगरा फिरवतो आणि प्रकाशाच्या बारीक किरणाने तिच्यावर लिहिलेलं वाचतो. कीर्तनात बुवांच्या मागे साथीला माणसं बसतात ना, तसा मी. हार बुवांना, बुक्का बुवांना. साथीदार थांबला, की मगच तो होता हे लोकांना कळतं.

मला कुठे जोडलं ते मला आठवत नाही. पांढरे हातमोजे तेवढे आठवतात. २००९ साली आमोदला हिंजवडीत नोकरी लागली आणि त्याने हा लॅपटॉप घरी आणला. आईने त्याला ओवाळलं, म्हणजे मलाही ओवाळलं. काय दिवस होते ते! आमोदच्या लग्नाची चकती मी निदान चाळीस वेळा वाचली असेन. सुनेच्या माहेरची माणसं आली की ती आणखी एकदा. मग पेन ड्राइव्ह आले, मोबाइलमध्ये सगळं मावू लागलं. आमोदला ऑफिसने नवा, चपटा लॅपटॉप दिला आणि आम्ही कपाटावर गेलो. धूळ बसली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. जग पुढे जातं, जावं.

तक्रार पुढची आहे.

आमोदचे वडील श्यामबुवा कीर्तनकार होते. आई, सरोजिनीबाई, त्यांना पेटीची साथ करायच्या. बुवा श्रोत्यांकडे तोंड करून उभे आणि बाई त्यांच्या मागे बसलेल्या. सव्वीस वर्षं त्यांनी नवऱ्याचं कीर्तन ऐकलं ते पाठीमागून, सुरांकडे लक्ष ठेवून. बुवा वारल्यावर बिबवेवाडीच्या एका श्रोत्याने त्यांच्या शेवटच्या कीर्तनाची चकती आणून दिली. बाईंना ती ऐकवेना. सहा वर्षं ती देवघरात राहिली.

आणि २०१८ च्या मार्चमध्ये डॉक्टरांनी सांगितलं की उजव्या कानामागची गाठ काढावी लागेल आणि तिच्याबरोबर ऐकणंही जाईल. डावा कान आधीच गेलेला होता. शुक्रवार ठरला. चार दिवस पुढे ढकलता येईल का, असं बाईंनी विचारून पाहिलं. डॉक्टर नाही म्हणाले.

रविवारी बाई आमोदला म्हणाल्या, "मला एकदा समोर बसून ऐकायचंय रे. श्रोत्यासारखं."

आम्हाला कपाटावरून उतरवलं. चकती माझ्या जिभेवर आली. बुवांचं नमन सुरू झालं आणि लॅपटॉपचा पंखा घरघरू लागला. आमोदला ते सहन होईना. बाबांच्या आवाजात ही घरघर नको, आधी साफ करतो, असं म्हणून त्याने चकती माझ्या पोटात तशीच ठेवून लॅपटॉप बंद केला, उलटा केला आणि तळाचे स्क्रू काढले. अगदी मन लावून धूळ पुसली. हे सगळं प्रेमानेच चाललं होतं, मित्रांनो, हे विसरू नका. झाकण लावताना एक स्क्रू उरला.

"एखादा उरतोच," आमोद म्हणाला. "कंपनीवाले जास्तीचे देतात."

तो माझा होता. मला जागेवर धरून ठेवणारा तेवढा एकच. मी तांदळाच्या दाण्याएवढा बाहेर सरकलो, माझे पाय वीज देणाऱ्या खाचेतून सुटले आणि मी लॅपटॉपला दिसेनासा झालो. पडद्यावर ओळ आली की असं कोणतंही उपकरण जोडलेलं नाही. चकती पोटात, आणि वीज नाही म्हणून दार उघडेना. मी तिथेच होतो. अंगठ्याने दाबलं असतं तरी पुरलं असतं.

पण आमोद इंजिनिअर होता, आणि तोही सॉफ्टवेअरचा. सोमवारी त्याने माझा ड्रायव्हर पुसून पुन्हा भरला. ड्रायव्हर म्हणजे माझी ओळख करून देणारा छोटा प्रोग्राम. मंगळवारी इंटरनेटवर कोणा अनोळखी माणसाने सुचवलेल्या ओळी विंडोजच्या पोटातून खोडल्या. बुधवारी अख्खं विंडोजच नव्याने टाकलं. रोज ऑफिसातून आल्यावर तो बसायचा आणि आई जवळ खुर्ची घेऊन, कान त्याच्याकडे करून बसायची. झालं का, असं तिने एकदाही विचारलं नाही. "होतंच आलंय," हे तोच सांगायचा.

त्याची बायको स्वराली म्हणाली की ड्राइव्हच्या तोंडाशी बारीक भोक असतं, त्यात तार घातली की दार उघडतं. आमोदला चकतीवर ओरखडा उठायची भीती. मग ती म्हणाली, तळमजल्यावर सत्यशीलाबाई आहेत, दुरुस्तीची कामं करतात, त्यांच्याकडे नेऊया.

"घरात इंजिनिअर बसलाय," आमोद म्हणाला, "आणि मिक्सर दुरुस्त करणाऱ्या बाईंना विचारू?"

"मिक्सर चालू होतात त्यांचे," स्वराली म्हणाली.

गुरुवारी संध्याकाळी तो गेलाच. खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या सत्यशीलाबाई तेव्हा लेकीकडे निघाल्या होत्या, पायात चपला होत्या. त्या म्हणाल्या, ठेवून जा, शनिवारी बघते. सोमवारी आला असतात तर उभ्या उभ्या बघितलं असतं. घाई आहे का? आमोदने कारण सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्या चपला काढून बसल्या असत्या, त्यांचा स्वभावच तसा. पण चार दिवस आपण काय करत होतो, हेही मग सांगावं लागलं असतं. घाई नाही, असं म्हणून तो लॅपटॉप ठेवून आला.

शुक्रवारी सरोजिनीबाईंचा कान गेला.

शनिवारी सत्यशीलाबाईंनी लॅपटॉप उलटा केला, चष्म्यावरून पाहिलं आणि अंगठ्याने मला आत दाबलं. टक् असा आवाज झाला. मी दिसलो.

"ह्याचा स्क्रू कोणी काढला?"

"आधी एका दुकानात दिला होता," आमोद म्हणाला.

"नाव सांगा त्या दुकानाचं. कोणाला चुकून पाठवायला नको."

दहा दिवसांनी सरोजिनीबाई घरी आल्या. त्या ठेवणीतलं लुगडं नेसल्या आणि लॅपटॉपसमोर मांडी घालून बसल्या. नको म्हटलं तरी ऐकेनात. मी जिवाच्या आकांताने चकती फिरवली. एक अक्षर गाळलं नाही. बुवांचा आवाज घरभर झाला.

"कुठवर आलं?" बाईंनी विचारलं. "पूर्वरंग संपला का?"

पूर्वरंग म्हणजे कीर्तनाचा पहिला भाग, जिथे बुवा अभंगाचा अर्थ उलगडतात. आमोदला ते माहीत नव्हतं. कीर्तनाला तो कधी बसलाच नव्हता. त्याने वहीत लिहिलं, बाबा गातायत.

"ते कळतंय. काय गातायत?"

तो लिहू लागला. बुवा वेगाने बोलत होते. तीन शब्द उतरेपर्यंत तीस पुढे जायचे. दोनदा त्याने खोडलं, एकदा चकती मागे नेली, पुन्हा हुकलं. शेवटी बुवा थांबले आणि नुसतीच पेटी वाजू लागली. एवढं मात्र त्याला नीट लिहिता आलं. पेटी वाजतेय.

बाईंनी वाचलं. "ती मीच रे," त्या म्हणाल्या. "ती नव्हती ऐकायची मला." आणि त्यांनी लॅपटॉप मिटला.

मित्रांनो, यंत्राची काळजी घ्या, हे तुम्हाला शाळेतही शिकवतात. मी जरा वेगळं मागतो. आपल्या हातून काही सुटलं असेल, तर ते त्याच दिवशी, मोठ्याने सांगा. लाज वाटते, पण ती एका दिवसाची असते. देव चुकणाऱ्याला पदरात घेतो, असं श्यामबुवा त्याच चकतीवर सांगतात. चूक लपवून ठेवणाऱ्याचं काय होतं, ते त्यांनी सांगितलेलं नाही.

आमोदने माझा स्क्रू परवा स्वतःच्या हाताने बसवला. खोलीचं दार लावून घेतलं होतं. आईला त्याने अजून सांगितलेलं नाही. कोणी भेटायला आलं की बाई माझ्याकडे बोट दाखवतात आणि म्हणतात, "ऐन वेळी ह्याने दगा दिला हो. आमोदने बिचाऱ्याने किती खटपट केली."

आमोद चहा आणायला आत जातो.