नात्याचा रकाना

साहेब, सुकरामला तुम्ही मारलं.

मलेरियानं मेला असं कागदावर लिहिलंय, ते मी वाचलंय. पण नातेवाईकाची सही नसेल तर रोगी दाखल करायचा नाही, हा दवाखान्याचे प्रमुख म्हणून तोंडी हुकूम तुमचाच होता. लेखी कुठंच नाही. बेवारस माणूस वॉर्डात मेला की चौकशी तुमच्या टेबलावर येते, म्हणून ही युक्ती. आणि ज्या हातांनी तुमचा हुकूम पाळला ते हात अल्का सिस्टरचे. तिचीच गोष्ट सांगतो. वाचकहो, तुम्हीही ऐका. त्या व्हरांड्यातून नाकाला रुमाल लावून तुम्हीही गेलेले आहात.

२०१४चा ऑगस्ट. गोंदियाचा दवाखाना, दुपारची वेळ. सेवकराम ऑटोवाला स्टेशनवरून एक माणूस खांद्यावर टाकून घेऊन आला. अंग तापलेलं, डोळे वर गेलेले, गळ्यात निळा गमछा.

"सिस्टर, गाडीतून उतरला आन् तिथंच पडला. पहिले सुई लावा याले."

"तुझा कोण लागतो?"

"माहा कोनी नाही लागत."

"मग नातेवाईक आण. सही कोण करणार? तू करतोस?"

"केली त पोलिसाचं लफडं मांगं लागन का?"

"लागू शकतं."

सेवकराम घुटमळला. बाहेर ऑटोत सवारी खोळंबली होती. त्यानं त्या माणसाला व्हरांड्यातल्या बाकावर निजवलं आणि तो निघून गेला.

अल्का वाईट बाई नव्हती. हेच तर भयंकर! ती हसतमुख होती, कामसू होती, दर रविवारी चर्चमध्ये पहिल्या रांगेत बसायची. त्या दुपारी ती बाकासमोरून सहा वेळा गेली. माणूस गोंडीत काहीतरी पुटपुटत होता. तापात बरळतोय, असं तिनं मनाला सांगितलं. चार वाजता तो बोलायचा थांबला. नोंदवहीत तिनं सुवाच्य अक्षरात लिहिलं : बेवारस.

अकराव्या दिवशी चिचगडहून एक बाई आली, हातात बापाचा, सुकरामचा फोटो घेऊन. नाव मुन्नीबाई. फोटोत गळ्याभोवती तोच गमछा होता. नोंदवही उघडली गेली. मुन्नीबाईला वाचता येत होतं.

"बेवारस?" ती म्हणाली. "बाई, आमी घरी पाच जन वाट पाहून राह्यलो होतो. माहा बाप बेवारस कसा?"

मुन्नीबाई रडली नाही, भांडली नाही. वहीतल्या त्या शब्दावर बोट ठेवून ती नुसती उभी राहिली. मग निघून गेली.

ती गेली, पण तिचं बोट गेलं नाही. अल्का वही उघडायची, तर पानावर बोट. चर्चमध्ये डोळे मिटायची, तर शेजारच्या जागेवरून कुणीतरी गोंडीत पुटपुटायचं. डोळे उघडले की जागा रिकामी. एकदा तिनं शेजारच्या बाईला विचारलं, "इथं कोणी बसलं होतं का?" बाई म्हणाली, "नाही ग. तुझी तब्येत बरी नाही का?"

पुढच्या एप्रिलमध्ये नेपाळात भूकंप झाला. चर्चनं आठ जणांची सेवा-तुकडी ठरवली आणि नर्स म्हणून अल्काचं नाव पहिलं घेतलं. हार घातले, फोटो काढले. परक्या देशातल्या अनोळखी माणसांची सेवा, म्हणून सगळ्यांचा ऊर भरून आला. स्टेशनवर सोडायला ऑटो मिळाला तो नेमका सेवकरामचा.

"नेपाळात सही कोनाची मांगान, सिस्टर?"

"सेवकराम, टोचू नकोस."

"टोचून नाही राह्यलो. मी भी भेलो होतो ना त्या दिवशी. आमच्या घरी बुद्धाचा फोटो, तुमच्या गळ्यात क्रूस. दोघाइच्या मधात तो मानूस मेला."

सोनौलीला सीमा ओलांडून पुढं बस, मग पायवाट. डोंगरावरच्या एका गावात तुकडी उतरली. चौथ्या दिवशी पलीकडच्या वाडीत औषधं द्यायला एकटी निघालेली अल्का वाटेत पडली. उलट्या, जुलाब, डोळ्यांपुढं अंधार. ती दगडावर डोकं टेकून पुटपुटू लागली. आणि त्या अवस्थेतही तिला कळलं, आपण मराठीत बोलतोय. इथं कुणालाच कळणार नाही!

दोन माणसं जवळून गेली. तिसरी एक म्हातारी आली, पाठीवर बांबूची टोपली, टोपलीचा पट्टा कपाळावर. टोपलीत तिच्याच पडलेल्या घराचे वासे. म्हातारीनं वासे वाटेवर ओतले, अल्काला टोपलीत बसवलं आणि तीन तास डोंगर उतरून ती तंबूच्या दवाखान्यात पोचली.

दारात एक जण वही घेऊन बसला होता. त्यानं विचारलं, ही कोण? म्हातारी धापा टाकत म्हणाली, "मेरो मान्छे." माझं माणूस.

एवढ्यावर सलाईन लागलं!

दोन दिवसांनी अल्कानं दुभाष्याकडून तिला विचारलं, "आजी, तुमची सून ढिगाऱ्याखाली गेली. घर गेलं. मी परकी. माझं माणूस कसं म्हणालात?"

म्हातारीला प्रश्नच कळेना. दुभाष्यानं पुन्हा विचारलं, तेव्हा ती जराशी चिडलीच. "आमच्या वाटेवर पडली होतीस. मग कोणाची म्हणू?"

अल्कानं तोंड कनातीकडं फिरवलं. तिच्या डोळ्यांसमोर तंबू नव्हता. दवाखान्याचा व्हरांडा होता, बाक होता. सुकराम आपल्या वाटेवर पडला होता!

गोंदियाला परतल्यावर चर्चमध्ये तिला साक्ष द्यायला उभं केलं. मंडळी भूकंपाच्या कहाण्या ऐकायला सरसावून बसली. अल्का म्हणाली, "मी साक्ष द्यायला नाही, कबुली द्यायला उभी आहे. अनोळखी माणसावर दया करायला मी दोन देशांची हद्द ओलांडली. आणि माझ्या टेबलापासून दहा पावलांवरचा माणूस मी मरू दिला." कुणी टाळी वाजवली नाही. पाळकांनी मान खाली घातली. त्या रविवारी तिच्या शेजारची जागा गप्प होती. पण रिकामी वाटली नाही.

आठवड्यानं सेवकराम पुन्हा आला. खांद्यावर एक बेशुद्ध म्हातारी, छत्तीसगढीत कण्हत होती. तो काही बोलायच्या आत अल्कानं कागद ओढला, सही केली आणि नात्याच्या रकान्यात लिहिलं : आपलं माणूस.

"मले भी लिवू द्या खाली," सेवकराम म्हणाला. त्यानं वाकडीतिकडी सही केली. म्हातारी वाचली.

वाचकहो, शिकायचं ते एवढंच. माणूस ज्याच्या वाटेवर पडला, त्याचा तो. दयेला पासपोर्ट लागत नाही. आपल्या व्हरांड्यातल्या बाकापाशी थांबावं लागतं. त्यासाठी अल्काला नेपाळ गाठावं लागलं, ही तिची शरम आहे आणि आपलीही.

आता साहेब, तुमच्याकडं वळतो. म्हातारी बरी होऊन घरी गेली त्याच दिवशी अल्काला तुमची नोटीस आली. नात्याच्या रकान्यात खोटी माहिती भरली, खुलासा करा. तिनं खुलासा दिला आहे. आता तुम्ही द्या. एकाच दवाखान्यातले दोन कागद तुमच्यापुढं आहेत. एकावर लिहिलंय बेवारस, दुसऱ्यावर आपलं माणूस. यातलं खोटं कोणतं?

उत्तर मला नको. चिचगडला जा, मुन्नीबाईच्या दारात उभे राहा आणि तिला द्या. कधी जाता, बोला!